उतरलेला ताप

हिवाळा आला की घराघरांत खोकल्याचे आवाज सुरू होतात. ‘हवा बदलली’ म्हणत आपण काढा घेतो, वाफ घेतो. चार दिवसांत ताप उतरतो आणि आपण निर्धास्त होतो. या निर्धास्तपणाबद्दलच आज बोलायचे आहे.

काही वर्षांपूर्वी जानेवारीत अम्मीला फ्लू झाला. पाचव्या दिवशी तिने स्वतःहून चहा मागितला, तसा मी परगावी कविसंमेलनाला गेलो. परतलो तर तिला पुन्हा हुडहुडी भरलेली, धाप लागलेली, कफ गंजाच्या रंगाचा. दुखणे उलटले समजून घरच्यांनी उरलेल्या गोळ्या दिल्या होत्या. डॉक्टर तपासून म्हणाले, ‘हे जुनं दुखणं नाही. हा दुसरा आजार आहे, न्यूमोनिया.’

त्यांनी समजावले ते असे. आपल्या श्वासनलिकेत अतिसूक्ष्म केसांचे अस्तर असते. धूळ, जंतू, कफ ते झाडूसारखे वर लोटते. फ्लूचा विषाणू हे अस्तरच खरवडून टाकतो. मग एरवी नाकाघशात निमूट राहणारे न्यूमोकॉकससारखे जिवाणू थेट फुप्फुसात उतरतात. चोर दुसराच असतो. दार मात्र पहिल्याने उघडलेले असते.

१९१८च्या साथीत हेच घडले. जूनमध्ये मुंबईत आलेला हा ताप पावसाळा सरताना उग्र होऊन उलटला. हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे गेली. जगभरातल्या त्या मृत्यूंपैकी बहुतेकांमागे फ्लूपाठोपाठ आलेला जिवाणूंचा न्यूमोनिया होता, असे संशोधक आज मानतात. तेव्हा पेनिसिलिनही नव्हते. त्याचा शोध १९२८चा.

आज औषधे आहेत, पण ती ओळखून द्यावी लागतात. प्रतिजैविके विषाणूंवर चालत नाहीत. न्यूमोनियाच्या जिवाणूंवर चालतात, तीही योग्य ती आणि पुरेसे दिवस घेतली तर. कधी फ्लू आणि कोविड एकाच वेळी गाठतात. नुसत्या लक्षणांवरून ते ओळखता येत नाही, तपासणीच करावी लागते.

म्हणून उतरलेला ताप पुन्हा चढला, श्वास जलद झाला, छातीत दुखू लागले तर थांबू नका. म्हाताऱ्या माणसांना कधीकधी ताप येतच नाही. ती नुसती गुंगीत राहतात, असंबद्ध बोलतात. वृद्धांनी, मधुमेह किंवा दमा असलेल्यांनी फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसींबद्दल डॉक्टरांना जरूर विचारावे.

अम्मी बारा दिवसांनी घरी आली. आता घरात कुणाचा ताप उतरला की तीच बजावते, ‘अजून चार दिवस लक्ष ठेव, बेटा.’