मोहाचे कुल आणि मोहाची रोपे

मोह रानातला, चिकू बागेतला, बकुळ देवळाच्या आवारातली. तरीही वनस्पतिशास्त्राने हे तिन्ही वृक्ष मधूक कुलात एकत्र घातले आहेत. मुख्यतः उष्ण कटिबंधात पसरलेल्या या कुलात एक हजाराहून अधिक जाती आहेत. पान तोडताच येणारा पांढरा चीक, डहाळीच्या टोकाशी दाटलेली साधी, अखंड पाने आणि फिकट वण असलेले चकचकीत बी, ही त्याची ओळख. चिकूचे बी हाती दिले की विद्यार्थ्यांना ती पुस्तकावाचून पटते. बागाईतदारांनी तर या नात्याचा उपयोगच करून घेतला आहे. मध्य अमेरिकेकडून आलेल्या चिकूचे कलम ते याच कुलातील खिरणीच्या खुंटावर बांधतात.

मोहाच्या फुलाची रचना विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. मार्च-एप्रिलमध्ये त्याचा मांसल, साखरेने भरलेला पुष्पमुकुट पहाटेच्या सुमारास गळतो. केसरदले त्यालाच चिकटलेली असल्याने तीही खाली येतात. किंजपुट मात्र देठावरच राहतो आणि त्याचे पुढे फळ होते. म्हणजे पडलेली फुले कितीही वेचली तरी फळ एकानेही घटत नाही. गडचिरोली, गोंदिया, नंदुरबारकडील आदिवासी कुटुंबांना त्यामुळे एकाच झाडापासून आधी फुले आणि नंतर बियांचे तेल मिळते.

हानी होते ती अन्यत्र. फुले चटकन दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटविला जातो व त्यात कोवळी रोपे जळतात. जून-जुलैत पडणाऱ्या बिया तेलासाठी उचलल्या जातात. या बियांची उगवणशक्ती काही आठवड्यांतच ओसरत असल्याने त्या पुढील वर्षासाठी राखूनही ठेवता येत नाहीत. परिणामी अनेक ठिकाणी आजोबांच्या वेळचे मोह उभे आहेत, पण त्यांच्या जागी येणारी लहान झाडे आढळत नाहीत.

२००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरील हक्क मान्य केला व वनाच्या रक्षणाचा अधिकार ग्रामसभेस दिला. तेव्हा आग बंद करून झाडाखाली जाळी किंवा जुनी लुगडी अंथरण्याचा ठराव ग्रामसभेला करता येईल. ताज्या बियांतील काही भाग त्याच पावसाळ्यात शाळेच्या रोपवाटिकेत लावता येईल. बियांपासून वाढलेला मोह फुलावर येण्यास दहा वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. रोपांना गुरांपासून जपण्याची जबाबदारी कोणाची, हेही त्याच ठरावात नोंदवावे.