विडी सोडणाऱ्यास गावाची साथ
(जीर्णोद्धार सोहळ्यातील भाषण)



विडी वाईट, हे ओढणाऱ्यास ठाऊक असते. तरी ती सुटत नाही. धुरातले निकोटीन काही सेकंदांत मेंदूत पोहोचते आणि ओसरले की शरीर पुन्हा मागते. दुसरे कारण संगत. कचेरीत चहा झाला, शेतात बांधावर टेकलो, पारावर बसलो, की 'घे रे एक' म्हणणारा भेटतोच.

माळकऱ्यास कोणी मटणाचा आग्रह करीत नाही. त्याचा नेम गावही पाळते, म्हणून तो टिकतो. विडी सोडणाऱ्याचा नेमही आपण असाच पाळावा. तलफ बहुधा काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ पाणी प्यावे, बडीशेप चघळावी, चार पावले चालावे. पहिले काही दिवस जड जातात. एकदा मोडला तरी नेम पुन्हा धरावा. सरकारच्या १८००-११-२३५६ या मोफत दूरध्वनीवर सल्ला मिळतो. दवाखान्यात औषधही मिळू शकते.

२००३ च्या कायद्याने सार्वजनिक जागी धूम्रपानास बंदी आहे. पण बांधावर कायदा येत नाही, तेथे शेजारीच असतो. मल्लिकार्जुनाच्या या गावात एवढा संकल्प करू : सोडणाऱ्यापुढे कोणी विडी धरणार नाही.