नाव ठळक, रंग एकच



वळणावर धुरळ्यात लाल रंग दिसला की आपण म्हणतो, "एसटी आली." पाटी नंतर वाचतो. आपल्या गटाचं पाकीटही असंच लांबून ओळखू आलं पाहिजे. नाहीतर आपण कुटलेलं तिखट व्यापारी सुटं नेतो, स्वतःच्या पिशवीत भरतो. कष्ट आपले, नाव त्याचं, आणि वरचा पैसाही त्याचाच.

म्हणून गटाचा एक गडद रंग ठरवा. तिखट असो, पापड असो, लोणचं असो, सगळ्यावर तोच. पिवळ्यावर काळी अक्षरं लांबून दिसतात. पिवळ्यावर पांढरी हरवतात.

अक्षर जाड आणि साधं घ्या. बारीक नक्षीदार अक्षरात मात्रा, अनुस्वार पुसट होतात आणि 'चिंच'ची 'चिच' होते. नाव सगळ्यात मोठं. वजन, तारीख, किंमत, अन्न परवान्याचा नंबर लहान चालेल, पण वाचता आला पाहिजे.

छापण्याआधी नमुना भिंतीला चिकटवा, दहा पावलं मागे या आणि गटातल्या आजींना वाचायला सांगा. त्या अडखळल्या तर छापू नका.

१९५९ साली मुंबईत गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तीन वर्षांनी 'लिज्जत' हे नाव ठरलं. आजही दुकानात आपण त्याच नावानं पापड मागतो.

तेव्हा येत्या बैठकीत बचत गोळा झाली की नाव आणि रंग ठरवा, ठरावाच्या वहीत लिहा, आणि दर दिवाळीला बदलू नका.