घरापासून बाजारापर्यंत किती धंदे?

(जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



कापसाचा आणि ज्वारीचा हिशेब आपण दर बैठकीत मांडतो. आज आम्ही दुसरा हिशेब मांडायला उभे आहोत. दहावी-बारावी होऊन घरात बसलेल्या पोरापोरींचा.

शेवगाव, पाथर्डी, कर्जत, जामखेड, कुठल्याही गावात पोराला विचारा, "बाबा, पुढे काय करणार?" उत्तरे ठरलेली असतात. फौज, पोलीस भरती, मास्तरकी, स्पर्धा परीक्षा, नाहीतर सुपा किंवा चाकणची कंपनी. यातले एकही काम वाईट नाही. पण जागा मोजक्या आणि उमेदवार अफाट. भरतीची वाट पाहता पाहता पोर पंचविशी ओलांडते. मग बापाचे चार एकर कोरडवाहू रान आणि त्यावरचे कर्ज एवढेच समोर राहते.

पोराला पाचच धंद्यांची नावे का ठाऊक आहेत? कारण घरोघरी एकच वाक्य ऐकू येते, "शिक, नाहीतर ढोरे राखशील." या वाक्यातून पोर काय शिकते? आपल्या भोवती जे आहे त्यात शिकण्यासारखे काही नाही, हे शिकते. आमचे म्हणणे याच्या उलट आहे. त्याच्या डोळ्यांपुढून रोज वीस-पंचवीस धंदे जातात. ते धंदे आहेत, हे त्याला कोणी दाखवलेले नाही.

एक क्विंटल कापूस घ्या आणि त्याच्या मागोमाग चला. सीसीआयच्या केंद्रावर हमीभावाने विकायचा तर आधी ओलावा मोजतात. ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, पुढे १२ टक्क्यांपर्यंत कपात, त्याहून ओला असेल तर घेत नाहीत. ते यंत्र धरणारा माणूस कोण? तो हे कुठे शिकला? पुढे जिनिंगमध्ये त्या क्विंटलची साधारण ३३ ते ३६ किलो रुई निघते, बाकी सरकी आणि थोडी घट. रुईची १७० किलोची गाठ बांधतात. धाग्याची लांबी मिलिमीटरात मोजतात, तलमपणा आणि ताकद तपासतात. सरकीचे तेल निघते आणि पेंड विकत घेऊन आपणच गोठ्यात आणतो. या एका वाटेवर प्रतवारी करणारा आहे, जिनिंगचा फिटर आहे, वायरमन आहे, प्रयोगशाळेतला माणूस आहे, काटा दुरुस्त करणारा आहे, हिशेब लिहिणारा आहे. मुंबईला माटुंग्यात १९२४ सालापासून कापूस तंत्रज्ञानाची केंद्रीय संस्था आहे. तिचे जिनिंग प्रशिक्षण केंद्र नागपूरला आहे. आयुष्यभर कापूस वेचणाऱ्या घरात ही नावे पोचलेली नाहीत.

ज्वारीचेही तसेच. आपल्याच जिल्ह्यात राहुरीला १९६८ पासून कृषी विद्यापीठ आहे. हलक्या जमिनीला फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा, भारीला फुले वसुधा, असे रब्बी ज्वारीचे वाण तिथे निघाले. वाण निवडणे, बियाण्याचा प्लॉट सांभाळणे, भेसळीची ताटे उपटणे, उगवण तपासणे ही सगळी पगाराची कामे आहेत. शिवाय मळणीयंत्र, कडबाकुट्टी, कडब्याचा व्यापार, हुरडा, ज्वारीचे पीठ आणि भाकरी. ज्वारीच्या एका ताटावर किती माणसे पोट भरतात, हे पोराने मोजून पाहावे.

कोणी म्हणेल, हे बोलायला ठीक, असे कोणी केले आहे का? केले आहे, आणि याच जिल्ह्यात. अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेची पायरी चढल्या नाहीत. पण परसातला वाल, घेवडा, गावठी भाजीपाला यांचे बी राखणे हे मोठे ज्ञान आहे, हे त्यांनी ओळखले. बी गोळा केले, बायकांचे गट जोडले, बायफ संस्थेची साथ घेऊन बियाणे बँक उभी केली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. बी राखण्याचे काम आपल्या आया-आज्यांनी उतरंडीतल्या मडक्यात पिढ्यानपिढ्या केले. राहीबाईंनी त्याला जगापुढे मांडता येईल असा धंदा केला.

दुसरे गाव नगर तालुक्यातले हिवरे बाजार. एम. कॉम. झालेले पोपटराव पवार १९८९ साली तिथे सरपंच झाले. कमी पावसाचे गाव. त्या गावाने पाऊस मोजायला, विहिरींची पातळी नोंदवायला सुरुवात केली. आधी माणसांचे आणि जनावरांचे पाणी बाजूला काढायचे, उरलेल्यात कोणती पिके बसतात ते ग्रामसभेत ठरवायचे. पाणी मोजणे हे शिकलेल्या पोराचे काम आहे. भूजल सर्वेक्षणाचे सरकारी खातेच त्यावर चालते आणि पाणलोटाची कामे करणाऱ्या संस्थांना अशी माणसे लागतात. गावची विहीर मोजताना ज्याला गोडी लागली, तो भूगर्भशास्त्र शिकायला जाईल. ज्याने विहीर नुसती पाहिली, त्याला तो विषय आहे हेही कळणार नाही.

मग घरी करायचे काय? पोराच्या आणि पोरीच्याही हातात एक वही द्या. महिनाभर तीन गोष्टी लिहायला सांगा. आज आपल्या घरातून कोणाला पैसे गेले? त्याला असे काय येते, जे आपल्याला येत नाही? ते तो कुठे आणि किती दिवसांत शिकला? मोटार भरणारा, ट्रॅक्टर दुरुस्त करणारा, गाईला इंजेक्शन देणारा, मातीचा नमुना तपासणारा, फवारणीचे ड्रोन उडवणारा, सगळे त्या वहीत येतील. ड्रोन चालवण्याच्या परवान्याला दहावी पास आणि वय १८ पूर्ण लागते. महिन्याने वही उघडा. ज्या नावापुढे पोराने आपणहून जास्त लिहिले असेल, तिकडे त्याचा ओढा आहे असे समजा.

मात्र दोन गोष्टी सांभाळा. पहिली, कर्ज काढून आधी यंत्र आणू नका. ज्या साली पाऊस हुकतो, त्या साली मळणीयंत्रही दारात उभे राहते आणि हप्ता काही थांबत नाही. पोराला एक हंगाम दुसऱ्याच्या हाताखाली काढू द्या, मग आयटीआय किंवा कृषी पदविका, आणि यंत्र सगळ्यात शेवटी. दुसरी, पोरीची वही लग्नाच्या नावाखाली मिटवू नका. वेचणी, निवडणी, बी राखणे ही कामे बायकाच करतात. प्रतवारीची नजर त्यांच्याकडे आधीच आहे, फक्त प्रमाणपत्र नाही.

पोरांना गावात बांधून ठेवा, असे आम्ही म्हणत नाही. ज्याला जायचे आहे त्याने खुशाल जावे. पण जाताना त्याच्या हाताला काही येत असावे. आणि जो राहील, त्याचा आपल्या लढ्यालाही उपयोग आहे. आज माप, ओलावा, प्रत हे सगळे समोरचा सांगतो आणि आपण मान डोलावतो. आपल्या घरातले पोर ओलावा मोजायला शिकले, तर काट्यावर आपल्या बाजूनेही बोलणारा एक माणूस उभा राहील.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने अशा निदान पाच वह्या घेऊन याव्यात. त्या आपण इथे सर्वांसमोर वाचू. कोणत्या पोराला कोणाच्या हाताखाली लावता येईल, ते इथेच ठरवू.