एकगठ्ठा मतांचा हिशेब



निवडणूक आली की पारावर आपले गणित सुरू होते. मराठा इतके, माळी इतके, धनगर इतके. मुसलमानांपाशी आलो की मोजणी थांबते. गावात मुलाणी, बागवान, तांबोळी, पिंजारी हे सगळे आपल्याला नावानिशी ठाऊक असतात. तरी 'ती मते एकगठ्ठा' म्हणून आपण मोकळे होतो. हा गठ्ठा कसा बांधला जातो आणि कसा सुटतो, ते पाहायला आपल्यासारख्याच उसाच्या मुलखात, पश्चिम उत्तर प्रदेशात जाऊ.

मुझफ्फरनगर-कैरान्याकडे मुसलमानांत जाट आहेत, गुज्जर, राजपूत, त्यागी आहेत. विणकर आणि लोहार आहेत. जमीनवाला उसाच्या थकलेल्या बिलाचे बोलतो, मजूर मजुरीचे. महेंद्रसिंह टिकैतांच्या सभेत 'अल्लाहू अकबर' आणि 'हर हर महादेव' एकापाठोपाठ घुमत. शेजारी गुलाम मोहम्मद जौला बसलेले असत. १९८९ साली पळवून नेलेल्या एका मुसलमान मुलीसाठी याच शेतकऱ्यांनी भोपा इथे कालव्याकाठी ठिय्या दिला होता.

२०१३ च्या सप्टेंबरात दंगल झाली. साठाहून जास्त माणसे गेली, पन्नास हजारांवर लोक घरे सोडून पळाले. पळाले ते बहुतेक मुसलमान, त्यांतही भूमिहीन मजूर आणि कारागीर. जौला युनियनमधून बाहेर पडले. ज्याला स्वतःच्या घरात रात्री झोप लागत नाही, तो उसाचा भाव विचारून मत देईल काय? जीव कोण वाचवील, एवढेच तो पाहणार.

आणि तरीही गठ्ठा झाला नाही! २०१४ ला कैरान्यात समाजवादी पक्षाकडून पुतण्या आणि बसपाकडून काका उभा राहिला, दोघेही मुसलमान गुज्जर. मते फुटली, भाजपचे हुकुमसिंह निवडून आले. त्या वर्षी उत्तर प्रदेशाच्या ८० जागांतून एकही मुसलमान खासदार झाला नाही.

हुकुमसिंहांच्या निधनानंतर २०१८ ला पोटनिवडणूक लागली. अलीगढ विद्यापीठातल्या जिनांच्या तसबिरीवरून गदारोळ चालला होता आणि कारखान्यांकडे उसाचे पैसे अडकले होते. राष्ट्रीय लोकदलाने घोषणा दिली, 'जिन्ना नहीं, गन्ना'. काकाने माघार घेऊन पाठिंबा दिला. पुतण्याची आई तबस्सुम हसन हिंदू जाटांचीही मते घेऊन सुमारे ४४ हजारांनी जिंकल्या. हरल्या त्या हुकुमसिंहांच्या कन्या. दोन्ही घराणी कलस्यान खापेचीच गुज्जर, एक मुसलमान आणि एक हिंदू!

२०२४ ला लोकदल भाजपबरोबर गेले होते. मुझफ्फरनगरात तिन्ही मोठ्या उमेदवारांत मुसलमान एकही नव्हता. दोन हिंदू जाटांच्या लढतीत समाजवादी पक्षाचे हरेंद्र मलिक जिंकले. मुसलमानांच्या मतांवाचून ते निवडून आले नसते.