गंजांचा हिशेब आणि न्यायमूर्ती तारकुंडे
(मंडळाच्या वर्धापनदिनी हुडकेश्वर येथे दिलेले भाषण)



वर्धापनदिनाचे भाषण म्हटले की स्त्रीशिक्षण किंवा संस्कार असा एखादा भारदस्त विषय असावयाचा, अशी आपल्याकडे रीत आहे. मला मात्र आपल्या खजिनदारबाईंनी विषय दिला तो जर्मनच्या दोन गंजांचा. तेव्हा भाषण थोडे घरगुती झाले तर दोष त्यांच्या पदरी घालावा.

हकिकत आपणां सर्वांस ठाऊक आहे, पण स्मरणिका बाहेरच्याही वाचतील म्हणून सांगते. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीपूर्वी, महालक्ष्म्यांच्या आधी चारपाच दिवस, मंडळाच्या खोलीत दोन मोठे गंज आणि आठ सतरंज्या येऊन पडल्या. पाठविणारे गृहस्थ उमेदवारीच्या आशेवर होते. गंजांच्या काठावर त्यांचे नाव ठसठशीत कोरलेले होते. आपल्या बायकांना आनंद झाला, आणि का होऊ नये? दरवर्षी मंडपवाल्याकडून भाड्याने भांडी आणता आणता जीव मेटाकुटीला येतो. फक्त खजिनदारबाई वही उघडून बसल्या आणि मला म्हणाल्या, "वकीलताई, हे कोणत्या खात्यावर मांडू? देणगी लिहू की भेट? आणि किंमत किती लावू?" साऱ्याजणी हसल्या. मला हसू आले नाही, कारण माझ्या वकिलीतली बरीच वर्षे ह्याच प्रश्नाच्या मागे गेली आहेत.

निवडणुकीचा वकील म्हणजे काय, असे मला पुष्कळदा विचारतात. लोकांना वाटते, मोठमोठ्या पुढाऱ्यांत ऊठबस असेल. प्रत्यक्षात हे काम पावत्यांचे आहे. उमेदवाराने अर्ज भरल्या दिवसापासून निकाल लागेपर्यंत रोजचा खर्च वहीत लिहावयाचा, निकालानंतर ३० दिवसांच्या आत हिशेब द्यावयाचा, आणि ठरवून दिलेल्या मर्यादेपलीकडे एक पैसा खर्चावयाचा नाही, असे १९५१ चा लोकप्रतिनिधित्वाचा कायदा सांगतो. महाराष्ट्रात २०२२ पासून ही मर्यादा विधानसभेला ४० लाख आणि लोकसभेला ९५ लाख रुपये आहे. हिशेब न दिल्यास आयोग तीन वर्षांपर्यंत अपात्र ठरवू शकतो. हरलेल्या उमेदवाराला किंवा साध्या मतदारालाही ४५ दिवसांच्या आत उच्च न्यायालयात याचिका करता येते. मग आम्ही वकील मंडपाच्या, गाड्यांच्या, चहाच्या पावत्या मांडून बसतो.

मी शिकाऊ असताना, १९९० नंतरच्या एका याचिकेत, माझ्याकडे हेच काम आले. उमेदवाराच्या वहीत मंडप दोन आणि गावात लोकांनी पाहिलेले मंडप अकरा. मी पंधरा दिवस उन्हातान्हात हिंडून मंडपवाला शोधून काढला आणि तो साक्षीला उभाही राहिला. विरुद्ध बाजूच्या वकिलाने एकच प्रश्न केला, "बिल कोणाच्या नावाने दिले?" मंडपवाला म्हणाला, "मित्रमंडळाच्या." आमची बाजू तिथेच पडली. मित्रांनी केलेला खर्च उमेदवाराचा नव्हे, असे तेव्हा कायद्यातच लिहिलेले होते! माझ्या ज्येष्ठांनी फायली बांधता बांधता मला सांगितले, "पोरी, हे कलम कसे आले ते वाच, आणि तारकुंडे वाच." तेव्हा मी तारकुंड्यांचे नाव नीट ऐकले.

विठ्ठल महादेव तारकुंडे हे सासवडचे. जन्म ३ जुलै १९०९. वडीलही वकील आणि सुधारक मताचे. विठ्ठलराव १९२५ साली मॅट्रिकला सबंध मुंबई इलाख्यात पहिले आले. पुढे पुण्याच्या शेतकी कॉलेजातून पदवी घेतली आणि विलायतेस जाऊन बॅरिस्टर झाले. पुण्यात वकिली केली, मग मानवेंद्रनाथ रॉय यांच्या पक्षात पूर्ण वेळ घातला, आणि १९४८ पासून मुंबईस पुन्हा काळा कोट चढविला. १९५७ साली ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले.

ह्याच १९५७ साली त्याच न्यायालयापुढे एक प्रकरण आले होते. टाटांच्या पोलाद कंपनीला राजकीय पक्षांना देणग्या देता याव्यात म्हणून आपल्या घटनापत्रात बदल करून हवा होता आणि एका भागधारकाने त्याला हरकत घेतली. मुख्य न्यायमूर्ती छगला यांनी कायद्याप्रमाणे परवानगी दिली, परंतु ही वाट धोक्याची आहे, उद्या हा पैसा लोकशाहीचाच गळा आवळील, अशा अर्थाचा इशाराही निकालपत्रात नोंदवून ठेवला. न्यायाधीशाचे हात कसे बांधलेले असतात, हे ह्या निकालात दिसते.

तारकुंडे १९६९ साली न्यायाधीशपद सोडून बाहेर पडले. निवृत्तीला अजून दोन वर्षे होती. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला आपल्याच न्यायालयात परत वकिली करता येत नाही, म्हणून ते दिल्लीस सर्वोच्च न्यायालयात गेले. साठीला आलेल्या माणसाने बिऱ्हाड हलवून नव्या गावी पुन्हा वकील म्हणून उभे राहावयाचे, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. आपल्याकडे साठीनंतर माणसे पेन्शनीच्या कागदांपलीकडे पाहात नाहीत.

१९७४ साल आले. जयप्रकाश नारायण आणि तारकुंडे यांनी मिळून 'सिटिझन्स फॉर डेमॉक्रसी' ही संस्था काढली. जयप्रकाशांनी निवडणूक सुधारणांसाठी एक समिती नेमली आणि तारकुंडे तिचे अध्यक्ष झाले. मिनू मसानी, ए. जी. नूरानी, आणि पहिले लोकसभाध्यक्ष दादासाहेब मावळंकर यांचे चिरंजीव पुरुषोत्तम मावळंकर हे सभासदांपैकी होते. ही समिती सरकारी नव्हती. तिला ना दिवा, ना मोटार.

त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या कंवरलाल गुप्ता यांच्या प्रकरणात निकाल दिला. उमेदवाराच्या जाणतेपणी त्याच्या पक्षाने किंवा मित्रांनी त्याच्यासाठी केलेला खर्च हा त्याचाच खर्च, असे न्यायमूर्ती भगवती यांनी ठरविले. म्हणजे मंडपवाल्याचे बिल कोणाच्याही नावाने असो, ते उमेदवाराच्या वहीत गेलेच पाहिजे. निकाल इतका सरळ होता की सरकारने त्याच महिन्यात वटहुकूम काढून तो पुसून टाकला. पक्षाचा आणि मित्रांचा खर्च उमेदवाराच्या हिशेबात धरावयाचा नाही, असे स्पष्टीकरण कायद्याला जोडले गेले. माझ्या मंडपवाल्याने ज्याच्यावर मला पाडले ते हेच कलम. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयानेही ते कायम ठेवले.

तारकुंडे समितीचा अहवाल फेब्रुवारी १९७५ मध्ये आला. पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्च उमेदवाराच्याच हिशेबात धरावा, पक्षांनी आपले हिशेब ठेवून ते तपासून घ्यावेत, निवडणूक आयोग तीन जणांचा असावा, मतदानाचे वय १८ करावे, अशा त्यांच्या सूचना होत्या. चारच महिन्यांनी आणीबाणी आली आणि अहवाल बाजूला पडला. पण त्यातल्या गोष्टी एकेक करून पुढे आल्या. वय १८ झाले ते १९८९ साली. आयोग कायमचा तीन जणांचा झाला तो १९९३ साली. आणि ते मित्रमंडळाचे कलम बदलले २००३ साली. आता पक्षाच्या सर्वसाधारण प्रचाराला आणि ठराविक पुढाऱ्यांच्या प्रवासाला तेवढी सूट आहे. पक्षाने किती खर्चावे ह्याला मात्र आजही मर्यादा नाही.

एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. नागरिकांच्या स्वातंत्र्यासाठी झगडलेल्या ह्याच तारकुंड्यांनी न्यायाधीश असताना, ब्लिट्झ साप्ताहिकावरील बदनामीच्या दाव्यात एका साक्षीदाराची जबानी छापू नये असा तोंडी हुकूम दिला होता. पत्रकार मिरजकर त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९६६ साली नऊ न्यायाधीशांच्या पीठापुढे हरले. तो हुकूम मला अजूनही पटत नाही. आदर ठेवावयाचा म्हणजे डोळे मिटावयाचे, असे मी मानीत नाही.

जयप्रकाशांसह त्यांनी उभारलेली नागरी हक्कांची संघटना, जिला आपण पीयूसीएल म्हणतो, तीच पुढे सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि २००२ व २००३ च्या निकालांनी उमेदवारांना आपली मालमत्ता व आपल्यावरील खटले शपथपत्रावर जाहीर करणे भाग पडले. २२ मार्च २००४ रोजी तारकुंडे वारले. त्यांच्या हयातीत एवढे तरी झाले.

पुढचेही थोडक्यात सांगते. २००९ च्या निवडणुकीत भोकर मतदारसंघात अशोक चव्हाण यांच्यावर वर्तमानपत्रांतल्या मजकुराचा खर्च दाखविला नाही, अशी तक्रार झाली. हिशेब नुसता वेळेवर आला एवढ्याने भागत नाही, तो खरा आहे की नाही हेही आयोगाला पाहता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये सांगितले. आयोगाने चव्हाणांविरुद्ध मत दिले. दिल्ली उच्च न्यायालयाने ते त्याच वर्षी रद्द केले. आणि १५ फेब्रुवारी २०२४ रोजी निवडणूक रोखे घटनाबाह्य ठरले. त्या पाच न्यायाधीशांत मुख्य न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड होते, आणि आपल्या नागपूर खंडपीठात वकिली केलेले भूषण गवईही होते. देणारा कोण हे मतदाराला कळले पाहिजे, हा त्या निकालाचा गाभा. आपल्या गंजांवर नाव तरी कोरलेले होते!

आता खजिनदारबाईंचे उत्तर. कायद्याने पाहिले तर ते गंज कोणाच्याही वहीत बसत नव्हते. अर्ज भरण्याआधीचा खर्च उमेदवाराच्या हिशेबात येत नाही. आणि लाच म्हणावी, तर १९७५ पूर्वी निवडणूक डोळ्यांपुढे ठेवून उमेदवार म्हणून मिरवू लागलेला माणूसही त्या व्याख्येत येत असे. १९७५ च्या दुरुस्तीने ते शब्द काढून टाकले. म्हणून भांडी वाटावयाची ती अर्ज भरण्यापूर्वी, हे आता सगळ्यांना कळून चुकले आहे.

हे मी बैठकीत सांगितले तेव्हा एक वहिनी म्हणाल्या, "गुन्हा नाही ना? मग परत कशाला? उद्या नळाला पाणी नाही आले तर आपण कोणाच्या दारात जायचे?" त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. आपली वस्ती वाढली कशी आणि रस्ते, नाल्या आल्या कशा, हे त्यांनी पंचवीस वर्षे पाहिले आहे. मी एवढेच म्हटले, की पाण्यासाठी दारात जाताना आपल्या माजघरात त्यांच्या नावाचा गंज असला, तर आपण तक्रार करणार की विनवणी? त्यावर दीड तास वादावादी झाली. दोघींचे बोलणे काही दिवस बंद होते. मत घेतले तेव्हा परत पाठविण्याच्या बाजूने तेरा आणि विरुद्ध नऊ हात वर झाले. ज्या वहिनींनी प्रश्न केला त्यांचा हात विरुद्धच होता, आणि ऑटोत गंज चढवावयाला सर्वांत आधी त्याच उभ्या राहिल्या.

आठांपैकी सात सतरंज्या परत गेल्या. आठवीवर कोजागिरीचे दूध सांडून डाग पडला होता, तिची किंमत मंडळाने रोख भरून पावती मागितली. त्या गृहस्थांच्या माणसाने प्रथम ती द्यावयाचे नाकारले, मग हसत हसत एका कागदावर सही करून दिली. खजिनदारबाईंनी तो कागद वहीला टाचून ठेवला आहे. यंदाचे गंज मंडपवाल्याकडून भाड्याने आणले आहेत, आणि स्वयंपाक तयार आहे असे आतून दोनदा सांगून झाले आहे, तेव्हा मी आता खाली बसते.