अवधान आणि आठवण



आजचा विषय मानसशास्त्राचा असला तरी त्याचा प्रारंभ मी आपल्या गावच्याच एका माणसापासून करणार आहे. तेराव्या शतकात श्रीचक्रधरस्वामींचा संचार या भागात झाला, आणि येथले नीळभट्ट त्यांच्या मागे निघाले. महानुभाव वाङ्मयात ते 'भांडारेकार' म्हणून प्रसिद्ध आहेत. सातशे वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी त्यांचे नाव आपल्याला ठाऊक आहे. ते कोणी दगडावर कोरून ठेवले म्हणून नव्हे. कोणाच्या तरी ध्यानात राहिले आणि म्हाइंभटांनी विचारून लिहून घेतले म्हणून. स्वामींच्या प्रयाणानंतर शिष्यपरिवार ऋद्धिपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निध राहिला. लीळांचे स्मरण हा त्यांचा नित्याचा धर्म होता. नागदेवाचार्यांच्या साहाय्याने, आणि ज्याने जे पाहिले-ऐकले त्याच्याकडून ते मिळवून, म्हाइंभटांनी शके 1200 च्या सुमारास लीळाचरित्र सिद्ध केले. मराठीतले हे पहिले चरित्र म्हणजे अनेकांच्या आठवणींची मोट आहे. तेव्हा प्रश्न असा की, माणसाच्या आठवणीवर भरवसा किती ठेवावा?

याचे उत्तर शोधताना प्रथम आठवणीच्या दाराशी उभे राहिले पाहिजे. ते दार म्हणजे अवधान. आपले गाव पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेले. ठोके पडत असलेल्या कारखान्यात नवखा माणूस शिरला तर कानांवर हात ठेवील. कारागीर मात्र शेजाऱ्याशी शांतपणे बोलत असतो. आवाज त्याच्या कानांवर पडतोच, मनापर्यंत पोचत नाही. कॉलिन चेरी या इंग्रज संशोधकाने 1953 साली हीच गोष्ट प्रयोगाने दाखवली. त्याने दोन कानांत दोन वेगळी भाषणे ऐकवली आणि एका कानातले मोठ्याने म्हणत राहायला सांगितले. मागाहून विचारले, तेव्हा दुसऱ्या कानातला आवाज पुरुषाचा की बाईचा एवढे लोकांना सांगता आले. भाषण कशाविषयी होते, मध्येच भाषा बदलली काय, हे सांगता येईना. पुढे 1959 साली नेव्हिल मोरे याने त्या दुर्लक्षित कानात ऐकणाऱ्याचे स्वतःचे नाव घातले, तर सुमारे एकतृतीयांश लोकांना ते ऐकू गेले! म्हणजे दारावरचा पहारेकरी अगदीच झोपलेला नसतो. बाजारातल्या गलक्यात आपल्या नावाने कोणी हाक मारली की मान वळते, ती यामुळे.

डोळ्यांचीही तीच कथा. 1999 साली अमेरिकेत सायमन्स आणि शाब्री यांनी चेंडू फेकणाऱ्या खेळाडूंची चित्रफीत दाखवून फेकी मोजायला सांगितले. मध्येच गोरिलाचा वेष घेतलेली व्यक्ती आली, छाती बडवून निघून गेली. मोजण्यात गुंतलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना ती दिसलीच नाही. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानेश्वर श्रोत्यांकडे अवधानच मागतात, हे काही केवळ विनयाचे बोलणे नव्हे. वक्त्याला याहून मोठी देणगी नाही, आणि ती आज किती मिळते आहे ते मला येथून दिसते आहे.

दारातून आत आलेलेही सारे टिकत नाही. मोबाइलचा दहा अंकी क्रमांक कोणी सांगितला, तर तो आपण पाच-पाच अंकांचे तुकडे पाडून धरतो. सांगणाऱ्याने तुकडे निराळे पाडले, तर आपलाच क्रमांक आपल्याला परका वाटतो. जॉर्ज मिलर याने 1956 साली मनाच्या या तात्पुरत्या फळीवर साताच्या आसपास वस्तू मावतात असे म्हटले. पुढच्या संशोधकांनी तो आकडा चारापर्यंत खाली आणला.

पण खरी मौज पुढेच आहे. आठवण म्हणजे पेटीत घालून ठेवलेला आणि हवा तेव्हा जसाच्या तसा बाहेर काढावा असा दागिना, अशी आपली समजूत असते. केंब्रिजच्या बार्टलेट याने 1932 सालच्या ग्रंथात तिला धक्का दिला. त्याने अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची भुतांच्या लढाईची एक गोष्ट इंग्रज मंडळींना वाचायला देऊन ती पुनःपुन्हा आठवून लिहायला लावली. गोष्ट आखूड होत गेली. डोंगी जाऊन त्यांच्या परिचयाची साधी नाव आली. सील मारायला निघालेले तरुण मासे धरायला निघाले. कोणी लबाडी केली नव्हती. प्रत्येक वेळी मनाने गोष्ट नव्याने रचली, आणि गाळलेल्या जागी आपल्या ओळखीचे सामान भरले.

एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांचा 1974 सालचा प्रयोग तर न्यायालयात जाणाऱ्या प्रत्येकाने ऐकावा. मोटारींच्या अपघाताची एकच फीत दीडशे विद्यार्थ्यांना दाखवली. काहींना विचारले, मोटारी एकमेकींवर 'आदळल्या' तेव्हा वेग किती होता. काहींना विचारले, 'लागल्या' तेव्हा किती होता. उरलेल्यांना वेगाचे विचारलेच नाही. आठवड्याने साऱ्यांना विचारले, फुटलेली काच दिसली काय? काच फुटलेली नव्हतीच. 'आदळल्या' ऐकलेल्या पन्नासांपैकी सोळांनी 'हो' म्हटले. 'लागल्या' ऐकलेल्या पन्नासांपैकी सातांनी. एका क्रियापदाने काच फोडली! वकिलाच्या, पोलिसाच्या, किंवा घरातल्या काकांच्या प्रश्नाचे शब्द साक्षीदाराच्या आठवणीत असे उतरतात, आणि तो शपथेवर प्रामाणिकपणे नसलेले सांगतो.

मग स्मरण करूच नये काय? तसेही नाही. रोडिगर आणि कार्पिकी यांनी 2006 साली दाखवले की, धडा पुनःपुन्हा वाचणाऱ्यापेक्षा पुस्तक मिटून आठवून पाहणाऱ्याला तो आठवड्यानंतर अधिक येतो. आपल्या पंतोजींची पावकी-निमकी म्हणवून घेण्याची रीत इतकी टाकाऊ नव्हती. आठवल्याने आठवण पक्की होते, आणि आठवतानाच तिच्यात नवे मिसळते. दोन्ही एकाच कृतीत घडते, ही या विषयातली खरी अडचण आहे.

या अडचणीला महानुभावांनी जो उपाय केला तो मला फार मोलाचा वाटतो. खलजीच्या स्वारीच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली असे परंपरा सांगते. मग ज्यांना लीळा मुखोद्गत होत्या त्यांच्या आठवणीवरून पाठ पुन्हा उभे राहिले. एकपाठी म्हणून वाखाणलेल्या हिराइसेचा पाठ त्यांतला एक. हे पाठ एकमेकांशी तंतोतंत जुळेनात. अशा वेळी एक खरा ठरवून बाकीचे पुसून टाकण्याचा मोह कोणालाही झाला असता. पण पोथ्यांतून निराळी आठवण 'वासना' अशी खूण करून, पुष्कळदा सांगणाऱ्याच्या नावानिशी, शेजारी नोंदलेली आढळते. नीळभट्टांसारख्यांची नावे ज्या ग्रंथाने राखली, त्याने त्यांविषयीची मतभिन्नताही राखली. डॉ. वि. भि. कोलते यांनी 1978 साली संपादिलेली प्रत चाळावी. श्रद्धेच्या ग्रंथात एवढी चोख साक्ष अन्यत्र क्वचितच सापडेल.

आपल्याकडे वाटणीचे वाद होतात. बांध कुठवर, तलावाचे पाणी आधी कोणाच्या बांधीला, वडील मरताना काय बोलले, यावरून सख्खे भाऊ एकमेकांना खोटे ठरवतात. दोघेही त्या खाटेपाशी होते. एकाचे लक्ष वडिलांच्या ओठांकडे होते, दुसऱ्याचे वैद्याच्या चेहऱ्याकडे. आणि त्यानंतर दहा वर्षे दोघांनी आपापल्या घरी तो प्रसंग शेकडो वेळा सांगितला आहे. त्यांच्यात पडणाऱ्याने आधी एकेकाला वेगळे बसवावे, मध्ये प्रश्न न घालता बोलू द्यावे, आणि ज्याचे त्याच्या नावावर लिहून घ्यावे. दोन कागद जुळले नाहीत तर न जुळोत. म्हाइंभटांच्या मंडळींचेही जुळले नव्हते.